हे अंशतः खरे आहे

मी एकतीस वर्षं सरकारची उत्तरं लिहिली. हे वाक्य पाहुण्यांसमोर म्हटलं की ते जरा सावरून बसतात, म्हणून लगेच खुलासा करतो. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, आणि ते उत्तर मंत्र्यांच्या तोंडी जाण्याआधी पुण्यातल्या एका कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या टेबलावर तयार व्हायचं. ते टेबल माझं होतं. खातं वाहतुकीचं होतं एवढंच सांगतो, कारण निवृत्तिवेतन अजून तिथूनच येतं.

या प्रश्नांची एक ठरलेली रीत असते. ‘अमुक गावचा पूल खचला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ यावर उत्तराचे तीन मार्ग. हे खरे आहे, हे खरे नाही, आणि हे अंशतः खरे आहे. नवशिके कारकून पहिल्या दोन मार्गांनी जातात आणि अडकतात. पूल खचला असला तरी सगळाच खचलेला नसतो, एखादा कठडा धड असतोच. मग ते अंशतः खरे. उरलेल्या उपप्रश्नांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहिलं की माणूस चहाला जायला मोकळा. माझ्या निरोप समारंभात साहेबांनी मुद्दाम सांगितलं, की बाळ परचुरे यांनी एकतीस वर्षांत नुसतं ‘हे खरे आहे’ असं एकदाही लिहिलं नाही. टाळ्या पडल्या. माझी पत्नी हेमा पहिल्या रांगेत होती, तिने वाजवल्या नाहीत. घरी एकदा माझ्या नजरेसमोर दूध उतू गेलं, तेव्हा ‘दूध उतू गेले नसून त्याची पातळी वाढली आहे’ असं मी म्हणालो होतो, ते ती विसरलेली नव्हती.

तर, आमच्या नारायण पेठेतून एक छोटी बस जायची. कसब्यातून निघायची, गल्ल्यांतून अंग चोरत आमच्या कोपऱ्यावर यायची आणि सदाशिव पेठेतून पुढे सरकारी रुग्णालयाच्या दारात थांबायची. हेमाचा खांदा आखडला होता तेव्हा ती व्यायामासाठी या बसने जायची, आणि बसमध्येच तिची चंद्रभागाबाईंशी मैत्री झाली. चंद्रभागाबाई कसब्यात बुरूड आळीत राहतात. बांबूची सुपं, टोपल्या, परड्या विणणं हा त्यांचा पिढीजात धंदा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात लुळा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे काही महिने आठवड्यातून तीनदा करायचा व्यायाम चुकवला नाही तर बोटांत हालचाल परत येईल; चुकवला तर बोटं आहेत तशीच राहतील. हेमाचा खांदा दोन महिन्यांत बरा झाला, तरी ती बसने जातच राहिली. चंद्रभागाबाईंना चढताना एक हात लागतो, असं ती म्हणायची.

एका सोमवारी बस आली नाही. मंगळवारी थांब्याच्या खांबावर कागद दिसला, ‘तांत्रिक कारणास्तव हा मार्ग स्थगित.’ तांत्रिक कारण हा शब्द मीही भरपूर वापरला आहे. कारण सापडलेलं नसलं की तो वापरतात.

मग रिक्षा पाहून झाल्या. ते अंतर रिक्षावाल्यांना फार जवळचं पडत होतं आणि चंद्रभागाबाईंना फार लांबचं. शेवटी मी माझ्या स्कूटरवरून त्यांना न्यायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी त्यांना मागे बसवून मी निघालो आणि त्यांना बरं वाटावं म्हणून या बसमार्गाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. रुग्णालयाच्या दारात पोहोचलो तेव्हा इतिहास संपत आला होता आणि मागे कोणी नव्हतं. परत आलो तर बाई पार मागे, लक्ष्मी रस्त्याच्याही अलीकडे, एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. एकट्या डाव्या हाताने नीट धरता येईना म्हणून त्या सिग्नलला उतरल्या होत्या. मी थांबलो म्हणून त्या उतरल्या, पुन्हा निघालो त्याला त्या काय करणार, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर होतं. गाडी चांगली आहे, पण नातवाचं लग्न बघायचंय, असंही त्या म्हणाल्या.

महिनाभरात मी चार अर्ज केले. चारही अर्जांना एकच उत्तर आलं, की अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला आहे. या दोन ‘योग्य’ शब्दांची मला सवय होती; फक्त आजवर ते मी पाठवत असे. चंद्रभागाबाई आठवड्यातून एकदा, कधी तेही नाही, अशा कशाबशा रुग्णालयात पोहोचत होत्या. एका सकाळी हेमा त्यांच्याकडे जाऊन आली आणि पर्ससुद्धा न ठेवता माझ्यासमोर उभी राहिली.

“तुम्ही एकतीस वर्षं उत्तरं लिहिलीत ना? मग आता एक प्रश्न लिहा,” ती म्हणाली.

मला हे आधी का सुचलं नाही, याचं कारण सांगणं कठीण आहे. एखाद्याने आयुष्यभर गोलरक्षकाचं काम केलं की गोल करता येतो हेच त्याच्या लक्षात राहत नाही. मी नवा कागद घेतला. कुठल्या फटीतून उत्तर निसटतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी एकेक फट बुजवत गेलो. ‘बंद’ म्हटलं तर ते ‘स्थगित’ म्हणतील, म्हणून ‘बंद, स्थगित अथवा अन्य कोणत्याही नावाने अनुपलब्ध’ असं लिहिलं. दुपारपर्यंत अकरा उपप्रश्न झाले.

इथे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी रंगराव यांचं आगमन झालं. रंगराव सोसायटीचे अध्यक्ष आहेत आणि सल्ला हा त्यांचा जोडधंदा आहे. विधानसभेपर्यंत कागद जातोच आहे, तर त्यात गच्चीवरच्या कबुतरांचंही घाला, असं त्यांनी सुचवलं. संध्याकाळी चार बिऱ्हाडं आमच्या बैठकीत जमली. कोणाला समोरच्या क्लासमधल्या मुलांच्या गाड्या घालायच्या होत्या, कोणाला ड्रेनेजचं झाकण. मी सांगितलं की हे वाहतूक खात्याकडे येत नाही. कबुतरं वाहतूक करत नाहीत हे मला कोणी सांगितलं, असं रंगरावांनी विचारलं. ते दोन दिवस बोलत नव्हते, आणि ते दोन दिवस फार कामाचे गेले.

आमच्या भागाच्या आमदार अवनीताई बेलसरे पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. त्यांच्या कार्यालयात सुखदेव नावाचे सहायक दारातच बसतात. त्यांनी माझा कागद तराजूत टाकल्यासारखा हातावर तोलला आणि विचारलं, की काका, हा प्रश्न आहे की ठराव. मी माझा एकतीस वर्षांचा अनुभव सांगितला. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं. तिथे पाणी नसलेला एक गृहस्थ आणि पाणी जास्त झालेला एक गृहस्थ शेजारी शेजारी बसले होते. दीड तासाने माझा नंबर लागला.

अवनीताईंनी कागद पूर्ण वाचला, हे आधी लिहून ठेवतो. मग लाल पेन घेऊन त्यांनी अकरातले आठ उपप्रश्न खोडले. माझे सर्वांत चांगले आठ. सभागृहात एवढा वेळ कोणी देत नाही, असं त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, पण माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी चहा मागवला. उरलेल्या तिनांत त्यांनी स्वतःचा एक घातला. या बसने बाकीच्या पेठांतली गिऱ्हाइकं कसब्यात यायची, तर बस गेल्यापासून तिथल्या बुरूड, तांबट यांच्या धंद्यावर काय परिणाम झाला, याची शासनाने पाहणी केली आहे काय? मला हे सुचलं नव्हतं. मी फक्त बसचा विचार करत होतो, अवनीताई बसमधल्या पिशव्यांचा विचार करत होत्या.

“काका, त्या बाईंचं नाव काय?” त्यांनी जाताना विचारलं. प्रश्नात व्यक्तीचं नाव घालता येत नाही, हा नियम मी त्यांना सांगितला. “प्रश्नात नको. मला माहीत असायला हवं,” त्या म्हणाल्या. त्यांनी ‘चंद्रभागाबाई, बुरूड आळी’ असं वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षांत मी एकाही प्रश्नामागचं नाव विचारलं नव्हतं, हे मला परतताना जिन्यात जाणवलं.

अधिवेशनात प्रश्न लागला. तारीख कळल्यावर आमच्या बैठकीत सगळी सोसायटी टीव्हीसमोर जमली. रंगरावही आले, कबुतरं विसरून. चंद्रभागाबाईंना हेमाने मुद्दाम आणून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. अवनीताई उभ्या राहिल्या, त्यांनी प्रश्न वाचला, आणि मंत्रिमहोदयांनी हातातल्या कागदावरून उत्तर द्यायला सुरुवात केली.

“हे अंशतः खरे आहे. सदर मार्गावरील बससेवा बंद करण्यात आलेली नसून तिचे सुसूत्रीकरण करण्यात आले आहे. पाचशे मीटर अंतराच्या आत पर्यायी सेवा उपलब्ध असून नागरिकांची कोणतीही गैरसोय होत नाही. उर्वरित प्रश्न उद्भवत नाहीत.”

माझ्या हातातली चहाची बशी कलंडली. ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. बऱ्याच वर्षांपूर्वी घाटापलीकडच्या एका गावची बस बंद झाली होती, तेव्हा मी ते रचलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. निवृत्तीच्या दिवशी माझी नमुना उत्तरांची निळी वही मी माझ्या हाताखालच्या निकिता सोनवणेला भेट दिली होती, पहिल्या पानावर ‘यशस्वी भव’ असं लिहून. निकिता यशस्वी झाली होती.

बैठकीत एकच कल्ला झाला. हे लिहिणाऱ्याला एकदा उन्हात पाचशे मीटर चालवलं पाहिजे, असं रंगराव म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांचा सल्ला सर्वांना पटला. हेमाने माझ्याकडे पाहिलं. ते दूध तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. चंद्रभागाबाई डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत राहिल्या. तिकडे अवनीताईंनी एवढंच विचारलं, की हे पाचशे मीटर कोणी मोजले. मंत्र्यांनी कागद उलटा करून पाहिला. विधानसभेच्या अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला आणि गुरुवारी सुधारित माहिती द्या असं सांगितलं. तो दिवस सोमवारचा होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. निकिता माझ्याच टेबलावर बसते. मला पाहून ती इतक्या आनंदाने उठली की माझं सगळं ठरवून आणलेलं बोलणं बाजूलाच राहिलं. तिने निळी वही काढून दाखवली. तिला नवीन प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. सगळं कार्यालय यावर चालतं, असं तिने अभिमानाने सांगितलं. मी म्हणालो की हे बसचं उत्तर खोटं आहे.

“खोटं नाही सर, अंशतः खरं आहे. तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

पाचशे मीटर तिने संगणकावरच्या नकाशावर मोजले होते. मला तिने ती रेघ दाखवली. कसब्यातल्या थांब्यापासून लक्ष्मी रस्त्यापलीकडच्या थांब्यापर्यंत अगदी सरळ जाणारी ती रेघ एका देवळाच्या गाभाऱ्यातून, दोन स्वयंपाकघरांतून आणि एका दवाखान्याच्या भिंतीतून जात होती. मग निकितानेच वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे माझ्याच अक्षरात होतं, ‘उत्तर लिहिण्यापूर्वी जागा पाहून यावी. (वेळ मिळाल्यास.)’ सर, तुम्ही कधी गेला होतात का, असं तिने विचारलं. मला कधी वेळ मिळाला नाही, असं मी सांगितलं. हेही अंशतःच खरं होतं.

बुधवारी सकाळी आम्ही मोजायला निघालो. निकिता मोबाइलवर अंतर आणि वेळ टिपत होती, हेमाने चंद्रभागाबाईंचा उजवा दंड धरला होता, मी छत्री धरली होती, आणि कोणीही न बोलावता आलेले रंगराव पुढे चालत वाहनांना थांबवत होते. एका टेम्पोवाल्याने त्यांना मिरवणूक कसली आहे असं विचारलं. रंगरावांनी त्याला थांबून सविस्तर उत्तर दिलं, त्यामुळे मागे गाड्यांची रांग लागली आणि एका हवालदाराने आम्हा सर्वांना बाजूला घेतलं. चंद्रभागाबाईंना तीनदा बसावं लागलं. तिसऱ्यांदा त्या त्याच भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या, जिथे मी त्यांना एकदा हरवलं होतं. निघाल्यापासून अडतीस मिनिटं झाली होती आणि थांबा अजून दिसत नव्हता.

त्यांनी निकिताकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, की पोरी, ते टीव्हीवरचं तू लिहिलंस का. निकिताचा चेहरा उतरला. ती हो म्हणणार होती, कारण सही तिचीच होती. मला अजून वाटतं की मी गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं.

“तिने नाही. मी लिहिलंय,” मी म्हणालो. “पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावच्या बससाठी. तिथे कोण चढत होतं ते मी विचारलं नव्हतं.”

चंद्रभागाबाई माझ्याकडे वळल्या.

“मला सगळे सांगतात, मावशी, हात सुधारलाय,” त्या म्हणाल्या. “सून सांगते, डॉक्टर सांगतात, या हेमाताईपण सांगतात. मी आपली बोटं बघते, ती हलत नाहीत. गोड बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, भाऊ. मला खरं सांगणारं एक पाहिजे.” मग त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला. “उठवा आता. थांबा अजून लांब आहे.”

मी त्यांना उठवलं. माझे डोळे भरून आले होते. उन्हामुळे असेल, असं मी हेमाला सांगितलं, आणि तिने ते मान्य केल्यासारखं दाखवलं.

दुपारी निकिताचा फोन आला. अंतर, वेळ, तीन विसावे, सगळं लिहून झालं होतं; बुरूड आळीतल्या दुकानदारांना भेटून तिने गिऱ्हाइकं किती घटली तेही टिपून आणलं होतं. फक्त पहिल्या उपप्रश्नापुढे काय लिहू, असं ती विचारत होती. ‘हे खरे आहे’ एवढंच लिही, असं मी सांगितलं.

“पुढे ‘तथापि’ लिहू ना, सर?”

“तथापि नको.”

गुरुवारी मंत्रिमहोदयांनी ते तीन शब्द वाचले आणि थांबले. पुढे काहीच नाही हे पाहून त्यांनी पान उलटलं, मग अवनीताईंकडे पाहून, मार्ग पुन्हा सुरू करण्यात येईल, असं म्हणाले. त्यांनाही त्या दिवशी हलकं वाटलं असावं. अर्ध्या तासात अवनीताईंचा मला फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही. चंद्रभागाबाईंना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, एवढंच त्या म्हणाल्या. त्या वहीतलं नाव त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी बस आली. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असं पुढच्या काचेवर लिहिलं होतं, पण आली. मी आभार मानायला लागलो की आवरत नाही, अशी हेमाची तक्रार आहे. मी ड्रायव्हरचे आभार मानले, कंडक्टरचे मानले, सुखदेवना पेढे दिले, माझे आठ उपप्रश्न खोडणाऱ्या लाल पेनालाही मनातून हात जोडले. निकिताला मी नवी वही दिली, पूर्ण कोरी. पहिल्या पानावर फक्त शेवटच्या पानाचं वाक्य उतरवलं होतं, कंसातला भाग सोडून. रंगरावांचेही मानले, आणि ते त्यांना आवडलं, कारण कबुतरांचा प्रश्न त्यांनी त्याच दिवशी पुन्हा काढला.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी कोपऱ्यावर हेमाला सोडायला गेलो होतो. बस आली, आणि खिडकीतून चंद्रभागाबाईंनी मला हाक मारली. त्यांच्या मांडीवर एक छोटं सूप होतं. ते त्यांनी उजव्या हाताने उचललं. हात थरथरत होता, पण बोटांनी कड धरली होती.

“या हाताने विणलंय. घरी सगळे म्हणतात, फार छान झालंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगा, कसं झालंय?”

मी सूप हातात घेतलं. एक बाजू वर गेली होती, पट्ट्या सैल होत्या, आणि कड दोन ठिकाणी सुटली होती. एकतीस वर्षांची सवय जिभेवर येऊन उभी राहिली.

“वाकडं झालंय,” मी म्हणालो.

चंद्रभागाबाई हसल्या. मी त्यांना इतक्या मोकळेपणी हसताना पहिल्यांदाच पाहिलं. “झालंयच. पुढचं सरळ करते,” त्या म्हणाल्या आणि सूप परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही. कंडक्टरने बेल दिली. हेमा चढली आणि बस निघाली.

ते सूप आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर टांगलेलं आहे. येणारे पाहुणे ते निरखून बघतात आणि संकोचाने विचारतात, हे जरा वाकडं आहे का. मी म्हणतो, हो, हे खरं आहे.